म्हस्कूमामा आणि ग्वामचा खर्च

म्हस्कूमामांना चौकशांची भारी खोड. कारेगावच्या आमच्या कंपनीच्या गेस्ट हाउसची बाग ते सांभाळायचे. मी तिथल्या जपानी साहेबांची दुभाषी, त्यामुळे मामांच्या साऱ्या चौकशा माझ्याच डोक्यावर. जपानात मेंढ्या असतात का, साहेबांच्या बायकोला सासुरवास होता का, भूकंपात कुत्री आधी भुंकतात का. एकदा वैतागून मी म्हणाले, "मामा, पगार मला कंपनी देते, तुम्ही नाही." ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारून मोकळे झाले.

२००९चा उन्हाळा होता. आमचे हिगासाहेब ओकिनावा नावाच्या बेटावरचे. एका सकाळी ते व्हरांड्यात कॉम्प्युटरवर जपानची बातमी वाचत चांगलेच धुमसत होते. मामांनी ते हेरलं आणि मला खुणावलं.

मी समजावून सांगितलं. साहेबांच्या बेटावर महायुद्धापासून अमेरिकेचं सैन्य बसलंय. अमेरिका जपानची दोस्त, सैन्य राखणीला आहे म्हणतात. आता त्यातले काही हजार सैनिक ग्वाम नावाच्या अमेरिकेच्याच बेटावर हलवायचे ठरलेत आणि खर्चाचा मोठा वाटा जपानने उचलायचाय. त्यावरून तिकडे संसदेत जुंपली आहे. एका सभागृहानं नको म्हटलं, तरी दुसऱ्याच्या होकारावर करार मंजूर झाला.

मामांनी खुरपं खाली ठेवलं. "म्हंजी पाव्हणं उठवायचं, आन् त्येंचं नवं घर बी आपणच बांधून द्यायचं?"

मी हे साहेबांना सांगितलं. ते पहिल्यांदाच मोकळे हसले. म्हणाले, माझ्या वडिलांचं शेत त्या सैन्याच्या कुंपणात आहे. सैनिक जावेत असं त्यांना फार वाटतं. पण पैसे आम्ही का भरायचे, असंही तेच विचारतात.

त्यानंतर आठवडाभर मामांनी आम्हा दोघांना भंडावून सोडलं. खर्च द्या म्हणणारे कोण, नको म्हणणारे कोण, त्यांच्यात सोयरीक आहे का, पैसे देऊनही पाहुणे हलले नाहीत तर काय. आणि त्या ग्वामची माणसं काय म्हणतात? तिथल्या लोकांचं आपण कधी वाचलंच नाही, असं हिगासाहेब म्हणाले.

परक्या सैन्याचा एवढा घोर या माणसाला का, ते मला मल्हारकडून कळलं. मल्हार मामांचा मुलगा, आमच्याच कंपनीत फिटर. इनामगावच्या बाजूला घोड नदीकाठी त्यांचं शेत. वीसेक वर्षांपूर्वी बांधावरून शेजाऱ्यांशी काठ्या निघाल्या, तेव्हा मामांनी आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, दाजींना बोलावलं. ते मेंढरं, कुत्री आणि भाऊबंद घेऊन आले, शेतातच मेंढरांचा वाडा, म्हणजे तळ ठोकला, आणि शेजारी गार पडले. दाजींचा वाडा मात्र तिथेच राहिला.

आता मल्हारच्या बायकोला, सोनमला त्याच जागेवर गाईंचा गोठा घालायचा होता. दाजींची दौंडच्या पलीकडे माळावर जमीन होती. ते म्हणत, "तुम्ही बोलावलं म्हणून आलो. आता तिकडं शेड आन् बोअरची सोय तुम्हीच करा." मल्हार म्हणे, दमडी देणार नाही. सोनम म्हणे, द्या, पण हलवा. नाहीतर आम्ही दोघं कारेगावात खोली घेतो. मामा मधल्यामध्ये. एका बाजूला मुलगा-सून, दुसऱ्या बाजूला दाजींची बायको, धाकटी बहीण अनसाबाई. एक जवळ ठेवायचं तर दुसरं जाणार. मला माझ्या वैतागाची लाज वाटली.

शेवटी मामांनी जपानसारखीच तडजोड काढली. शेड आपण बांधायचं, बोअर दाजींनी घ्यायचं. मल्हार महिनाभर तोंड फुगवून होता, पण शेड उभं राहिलं. निघायच्या दिवशी मामांनी आम्हाला जेवायला बोलावलं. हिगासाहेबांना तर हे स्थलांतर डोळ्यांनी बघायचंच होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मेंढरं पुढे गेली होती, टेम्पो भरून तयार होता. पण अनसाबाई विझलेल्या चुलीपाशी बसून होत्या, उठायला तयार नव्हत्या. दाजींनी हाका मारल्या, मग आवाज चढवला. मल्हार माझ्या कानाशी कुजबुजला, आता आणखी काहीतरी मागणार बघ.

मामा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "अनसा, अजून काय ऱ्हायलं गं? सांग, देतो."

"बोळवण," त्या म्हणाल्या. "माहेराहून लेक बोळवणीबिगर जाती व्हय, दादा?"

कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेडचे पत्रे, बोअरची खोली, टेम्पोचं भाडं, सगळ्यावरून भांडून झालं होतं. ओटीचा नारळ कुणी आणला नव्हता.

"मला तर कवाच जायचं व्हतं," अनसाबाई म्हणाल्या. "समद्या बायांचे भाऊ दिवाळीला मुराळी म्हणून न्यायला येत्यात. मी तुझ्याच शेतात. मला कोन कुठनं नेनार? इथं ऱ्हाऊन माहेरच गेलं माझं. पर आपल्या तोंडानं कसं म्हणायचं, मला धाडा? तू बोळवण करंनास, तवा वाटलं, तुला मी हितंच पाहिजे."

वीस वर्षं ती त्याला हवी म्हणून थांबली होती आणि तिला राहायचंय असं समजून तो जा म्हणत नव्हता. मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं.

सोनम घरात गेली. आपली घडी न मोडलेली साडी, खण, सुपात तांदूळ आणि देव्हाऱ्यापुढचा नारळ घेऊन आली. तिनेच हळद-कुंकू लावून ओटी भरली. अनसाबाईंनी पदर सावरला, पण त्या उठल्या नाहीत. त्या भावाकडे बघत राहिल्या.



"दिवाळीला न्यायला येतो," मामा म्हणाले.

तेव्हा त्या उठल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या.