एकच हिरवा चष्मा

नेकनूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. आमच्या भागात आहेराचं भांडं नाव घातल्याशिवाय कुणी देत नाही. कुणाकडून, कुणाला, कशानिमित्त, ते भांड्यावर आलंच पाहिजे. नाहीतर दिल्यासारखं वाटत नाही. नावं घालायचं काम माझी बायको करते. मांडीवर ताट, हातात विजेवर थरथरणारी सुई. दुसरीकडून घेतलेली ताटंसुद्धा लोक तिच्या अक्षरासाठी आमच्याकडे आणतात. लग्नसराईत तिची बोटं बधिर होतात, असं कारण सांगून मी ते यंत्र मागवलं. कारण खोटं नव्हतं. पण मला यंत्रांचा नाद आहे, हे सांगितलं नाही.

यंत्र म्हणजे टेबलावर मावेल एवढं, संगणकाच्या हुकमानं कोरणारं सीएनसी. कोरायची मोटर काढायची आणि तिच्या जागी लेसर बसवायचा. स्टीलवर आधी काळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, लेसरनं तो भाजला की अक्षर धातूला धरतं. खोक्यात एक हिरवा चष्मा आला होता. एकच. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की लेसर चालू असताना खोलीतल्या प्रत्येकानं चष्मा घालावा. मी ते वाचलं होतं. दुसरा मागवू म्हणालो, आणि मागवला नाही.

अक्षर धरेना. ओल्या फडक्यानं पुसलं की नाव फडक्यावर यायचं. मी भिंग पुसलं, पिना काढून परत बसवल्या, वायर बदलली, वेग कमी करून पाहिला. प्रत्येक वेळी लेसरचा ठिपका नव्यानं बारीक करावा लागे. त्यासाठी लेसर अगदी मंद ठेवतात आणि भिंग फिरवत बघतात. पण हिरव्या चष्म्यातून तो निळा ठिपका दिसतच नाही. तो दिसू नये म्हणूनच तर चष्मा असतो. मग मी तिला हाक मारायचो. चष्मा माझ्या डोळ्यांवर, आणि बघायची ती. "आला का बारीक?" मी विचारायचो. "अजून थोडा," ती म्हणायची.

ठिपका तिलाही नीट दिसेना, तसा मी त्याचा जोर थोडा थोडा वाढवत गेलो.

एका दुपारी दोष सापडला. लेसरच्या जोराचा आकडा संगणक हजारापैकी पाठवत होता आणि यंत्राचं बोर्ड तो दहा हजारांपैकी धरत होतं. म्हणजे इतके दिवस सगळं दहाव्या हिश्श्याच्या जोरावरच चाललं होतं. मी बोर्डाचा आकडा बदलला. इतका हरखलो की गल्ल्यावरून तिला उठवून आणलं. काळ्या रंगावर ठिपका ओळखू येत नाही म्हणून ताट सरकवून उघडं, चकचकीत स्टील लेसरखाली घेतलं. ठिपक्यासाठी वाढवून ठेवलेला जोर आता दहापट झाला होता, तो परत कमी करायचा राहिला. ती नेहमीसारखी वाकली. मी बटण दाबलं.

ती ओरडली नाही. नुसती मागं झाली आणि उजव्या डोळ्यावर तळहात धरला. "लई लख्ख झालं वो," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बीडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. कशानं झालं असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की शेजारी वेल्डिंग चालू होतं, तिकडं पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांनी थेंब दिले, एकदोन दिवसांत उतरेल म्हणाले. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "वेल्डिंग कावून म्हनलात?"

मी तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली.

उतरलं नाही. ती म्हणायची बरं आहे. मी मात्र चोरून बघत राहिलो. तांदूळ निवडताना ती ताट डावीकडे धरते का, पायरी उतरताना थबकते का, समोरून आलेल्या माणसाला आवाज ऐकल्यावरच ओळखते का. यंत्रावर मी कापड टाकलं होतं. एक गिऱ्हाईक वास्तुशांतीचा तांब्या नाव घालायला ठेवून गेलं. तिनं सुई चालवली, थांबली, तांब्या माझ्यापुढे धरला. "बघा बरं, सरळ आलंय का."

इतक्या वर्षांत तिनं हे मला कधी विचारलं नव्हतं. शिरोरेघ मधेच तुटून खाली उतरली होती.

परत त्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी खुर्चीत बसायच्या आधीच मी सांगितलं की ते वेल्डिंग नव्हतं, लेसर होता. डॉक्टरांनी हातातलं पेन ठेवलं. इतक्या जवळून बाई कशाला बघत होत्या, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मीच आपली डोकावले, सायेब. यांचं ध्यान न्हवतं."

"न्हाई," मी म्हणालो. "मीच बघ म्हणालो. चष्मा मी घातलेला होता."

बायकोनं मान खाली घातली. डॉक्टर मला रागावले असते तर बरं झालं असतं. बाहुली मोठी करणारं औषध घालून त्यांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. दृष्टीच्या मधोमध नाही, पण त्याला लागून भाजल्याचा बारीक डाग होता. काही महिन्यांत थोडं सुधारेल, पूर्ण भरून येईल असं सांगता येत नाही, म्हणाले. मग चौकटीचौकटीचा एक कागद दिला. रोज सकाळी डावा डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा जिथं वाकड्या दिसतात ती जागा वाढली, तर त्याच दिवशी निघून यायचं.

कागद दुकानात गल्ल्यामागं लावलाय. सकाळी शटर वर केलं की ती त्याच्यापुढे उभी राहते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहतो. "तेवढीच हाय," ती म्हणते. मग मी बोहनीला मोकळा होतो. परवा ती वैतागली. "रोज असं तोंडाकडं बघू नका. वाढली तर सांगेन की मी."

हो म्हणालो. पण मला घरी बरं आहे म्हणून सांगणारी हीच होती, आणि डॉक्टरांपुढे माझ्यासाठी खोटं बोलणारीही हीच. आता तिच्याकडे न बघता मी भांडी पुसत उभा राहतो आणि तिचा आवाज ऐकतो. आज "तेवढीच हाय" म्हणायला तिला थोडा वेळ लागला.