पाणी बघणारे सासरे

समुद्राकडे इतका वेळ बघून त्याच्याबद्दल इतकं थोडं बरोबर सांगणारा माणूस, माझ्या चुलत सासऱ्यांखेरीज, अख्ख्या किनारपट्टीवर दुसरा झाला नसेल. देवबागात रापण लावायची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ते लांबलचक जाळं ओढायचं, तर आधी कुणीतरी पाण्याच्या रंगावरून मासळी कुठे आहे ते सांगावं लागतं. ते काम यांचं. तांबूस छाया दिसली की हे टोपी हलवून ओरडत, सगळे धावत, आणि पुष्कळदा ती छाया ढगाची निघे. "थंय कित्याक इलंस?" असं हे त्या ढगालाच तिथे आल्याबद्दल दरडावून विचारत. काहीच दिसलं नाही तर "पाणी साफ आसा" एवढंच म्हणत, आणि रापणकरांची तोंडं उतरत.

घरातही बघणं चालूच. चहा गार होईपर्यंत ते चहाकडे बघत. पाहुण्याकडे तर असे बघत, की आपण भरतीत आहोत की ओहोटीत, अशी शंका त्या बिचाऱ्याला येई. जेवताना मात्र ते बोलत नसत. माशांसमोर बोलणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

त्यांची लेक मयुरी मुंबईहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या गालांवर लाल पुरळ उठलं. दूध पिऊन झालं की ते कळवळून रडे. कुडाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या खाण्यातलं काहीतरी दुधातून त्याच्याकडे जातंय आणि त्याला सोसत नाही. तूर्त दूधदुभतं, अंडी, मासे बंद. पुरळ गेलं की एकेक पदार्थ परत सुरू करून बघू."

दुधावरची बंदी सासऱ्यांनी उदारपणे मान्य केली. "दूध मुळात वासराचा," ते म्हणाले. माशांचं नाव निघताच मात्र घराण्यावर चोरीचा आळ आल्यासारखा चेहरा झाला. तरी त्याच दिवशी त्यांनी स्वतःही मासे सोडले. "तिच्या नाकासमोर मी बांगडो भाजू काय?" घरातला माशांचा वास गेला, आणि पाठोपाठ मांजरही शेजारी राहायला गेलं.

पुरळ ओसरू लागलं, पण मयुरीही ओसरू लागली. पेज, कुळथाची पिठी, वालीची भाजी, आणि पुन्हा पेज. सासरहून फोन येत, अंगावरचं तोड आणि डब्याचं सुरू कर. तिला ते नको होतं. बाळ छातीशी आलं की तिचे डोळे आपोआप मिटत. एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र, आणि मधलं ते घर होडीसारखं हळूहळू झोपेत सरकतंय असं वाटे. अशाच एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, माका आता जमणा नाय. परत मासो खांवक गावतलो मा?"

सासरे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. "गावतलो गो, मिळतलो," म्हणाले. भाकीत त्यांचं होतं, म्हणून मला काळजी वाटली.

गाल नितळ झाले तशी डॉक्टरीणबाईंनी माशांना परवानगी दिली. सासऱ्यांनी स्वतः किनाऱ्यावर जाऊन मुडदुशे आणले, बाळंतिणीला हलके म्हणून. मयुरीने एक तुकडा खाल्ला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचे काही दिवस सासरे पडवीत बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या गालाकडे बघत बसले. एकदाच ओरडले, "तांबडा दिसला!" मयुरी धावत आली. बघते तर शर्टाच्या बटणाचा वळ. "बाबा, बुताव तो तुमचो!" ती इतकी हसली की बाळ दचकून जागं झालं. शेवटी सासऱ्यांनी जाहीर केलं, "पाणी साफ आसा." जन्मात पहिल्यांदाच त्या शब्दांनी कुणाचं तरी तोंड उजळलं. पुढे मयुरीने चमचाभर दही खाल्ल्यावर बाळाला पुरळ पुन्हा उठलं, तेव्हा खरा गुन्हेगार कळला. "सांगलेलंय मा, दर्याचो काय दोष नाय," असं ते महिनाभर सांगत फिरले. मांजर परत आलं.

आता मयुरी बाळाला घेऊन मुंबईला गेली आहे. रापणही क्वचितच लागते, पाण्याबद्दल त्यांना कुणी विचारत नाही. दुपारी व्हिडिओ कॉल आला की ते म्हणतात, "वायच गाल दाखय." ती गाल इतका जवळ आणते की पडदाभर गालच होतो. सासरे बघत राहतात, चहा गार होतो. "साफ आसा," ते म्हणतात, "जेव गो तू." मग फोन बंद होतो. ते समुद्राकडे वळतात, आणि टोपी काढून मांडीवर ठेवतात, बाळ असायचं तिथे.