कवाला जोड

मी गाव सोडलं त्या दिवशी माझा धाकटा भाऊ बिरा निरोप द्यायला आला नाही. टेम्पो दारात उभा होता. आत लोखंडी कॉट, दोन पेट्या, आणि सगळे नको म्हणत असताना मी हट्टानं चढवलेली घोंगडी. मुलगा प्रकाश ड्रायव्हरशेजारी बसून सारखा घड्याळाकडं बघत होता. भावजय हौसानं दहीभात हातावर ठेवला आणि तोंड फिरवलं. बिरा समोरच्या टेकाडावर मेंढरांत उभा होता, आमच्याकडं पाठ करून. त्या मेंढरांत माझीही मेंढरं होती. बायको गेली, गुडघे गेले, मेंढरांमागं पळणं होईना, म्हणून आदल्या दिवशी मी माझा कळप त्याच्या कळपात घातला होता. मी त्याला हाक मारली नाही. मीही त्याच आईच्या पोटचा. टेम्पो दहिवडीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो वळला नाही आणि मीही मान काढून बघितलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. तीही मेंढरं गावात असतील तेवढ्या दिवसांची. म्हणून हे लिहिणं सावकाश चाललंय, आणि कुणाला वाकडं वाटलं तर वाटू दे. जे माझ्यासारखे गाव सोडून गेले आणि जे मागं राहिले, दोघांनी वाचावं.

आमचं घर ओवी बांधणारं. माण तालुक्यातल्या माळावर पिकतं काय, तर बाजरी आणि ओवी, असं बाप म्हणायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही मेंढरं घेऊन खाली कृष्णेच्या अंगाला उतरायचो. पलूसकडं ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत, आम्हाला दाणे. त्या वाटेवर चालता चालता ओव्या व्हायच्या. बाप एक ओळ टाकायचा आणि गप्प चालायचा. दुसऱ्या ओळीचा शेवटचा शब्द पहिलीच्या शेवटाशी जुळला पाहिजे, तो आम्ही भावांनी शोधायचा. त्याला आम्ही जोड म्हणायचो. शाळेत त्याला यमक म्हणतात हे मला सांगलीत येऊन कळलं. माळ म्हटलं की टाळ, बाळ, आभाळ. ओढा म्हटलं की घोडा. बिरा लहान, पण त्याची जोड माझ्याआधी यायची. मग मी चिडून काहीतरी ओढूनताणून लावायचो. बाप म्हणायचा, "कान धरून आणलेलं मेंढरू कळपात ऱ्हात न्हाई रं. चालत आलं तर घे."

आमच्या घराला एक मान आहे. देवाच्या जत्रेत गजी, म्हणजे आमचा ढोलावरचा नाच, खेळायला ढोल लागायच्या आधी आमच्या घरानं नवी ओवी द्यायची. थोरल्यानं गायची, धाकट्यानं झील धरायची, म्हणजे मागून सूर द्यायचा आणि ओळ उचलून परत म्हणायची. जुनी ओवी चालत नाही. ज्या साली नवी नाही, त्या साली मान वरच्या आळीला जाणार. आजपर्यंत गेलेला नाही.

गाव सोडल्यावरही मी दर साली जत्रेला जायचो. बिरा आणि मी एकमेकांशी बोलायचो ते ओवीपुरतं. जत्रेआधी फोनवर तो पहिली ओळ सांगायचा. मी दुसरी बांधायची, पण ती त्यालाही सांगायची नाही, तिथं देवापुढंच गायची. आमचा तसा रिवाज. बाकी "पाऊस झाला का", "झाला". संपलं.

आता मी प्रकाशकडं सांगलीच्या विश्रामबागेत राहतो, लिफ्टच्या इमारतीत. इथले शब्दही जोडीजोडीनं फिरतात. टॉवर, पॉवर, शॉवर. कुकर, शुगर. सकाळी बाकावर बसलो की दहा जोड्या सुचतात, पण ओवीत घालावं असं एकालाही वाटत नाही. सून सुनीता चांगली आहे. वेळेवर गोळी देते, गुडघ्याला तेल देते. फक्त माझं बोलणं तिला दुरुस्त करावं वाटतं. नात ऋतुजा लहान होती तेव्हा सुनीतानं सांगून ठेवलं, "मामा, तुम्ही हाय-न्हाई म्हणता आणि ती शाळेत तसंच बोलते. बाई हसतात." नातीला कुणी हसायचं कारण नाही. मग मी तिच्यापुढं आहे म्हणायला लागलो, नाही म्हणायला लागलो. कवा-तवाच्या जागी केव्हा, तेव्हा. सुरुवातीला तोंडात खडा आल्यासारखं वाटायचं. मग खडा विरघळला. कवा विरघळला ते माझं मलाही कळलं नाही.

यंदा जत्रेआधी बिराचा फोन आला. आवाज बसल्यासारखा. म्हणाला, "दादा, यंदा एकच ओळ सुचलीय. बघ जमतंय का." आणि म्हणाला,

माळावरलं मेंढरू पुसतंय, धनी घरला येनार कवा?

मी म्हटलं, "बरी हाय." त्यानं फोन ठेवला.

मी कॉटवर बसलो. ही ओळ मेंढराची नव्हती हे मला कळलं. टेकाडावर पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाची होती ती. इतकी वर्षं त्यानं विचारलं नव्हतं, आता विचारलं, आणि तेही देवापुढं, सगळ्या गावात उत्तर द्यावं लागेल असं. बिरा लहानपणापासून असाच. भांडण समोर करायचा नाही, ओवीत घालायचा.

कवाला जोड काही अवघड नाही. तवा आहे. पण कवाला तवा तर शेंबडं पोरही लावतं. मला कमीपणा वाटला. मी हवा धरला. इथली हवा मानवली, असं काहीतरी. खोटं होतं. नवा धरला, नवा फ्लॅट, नवा गाव. लाज वाटली. दवा धरला, गुडघ्याला चालू हाय दवा. म्हणजे मेंढरानं धनी कधी येणार विचारावं आणि धन्यानं डॉक्टरची चिठ्ठी दाखवावी. सगळी मेंढरं कान धरून आणलेली. बाप असता तर काठी घातली असती.

ऋतुजा आता कॉलेजात जाते. तिनं मला पुटपुटताना ऐकलं. "आजोबा, यमक शोधताय? फोन देतो की." म्हटलं, "फोन मेंढरं राखतो का?" पण ती ऐकेना. तिनं कवा लिहिलं. फोननं त्याचं आपोआप हवा केलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा हवा. मग तिनं गंमत म्हणून हाय लिहिलं, तर फोननं पुढं हॅलो धरला. ती पोट धरून हसली. "आजोबा, तुमच्या हायला जोड हॅलो!" मीही हसलो. आत सुनीता म्हणाली, "अगं त्यांना केव्हा लिहून दे, मग सापडेल." ऋतुजानं केव्हा लिहिलं आणि लगेच तेव्हा आलं. "बघा, झालं तुमचं." मी म्हटलं, "माझं नाही झालं. फोनचं झालं."

शेवटी थकलो. एके दिवशी दुपारी वरण गिळत असताना वाटलं, कवा विचारल्यावर माणूस उत्तर कशानं देतो? तवा, यानंच देतो. दुसरा शब्दच नाही. जोड सोपी होती, तिच्या आधी काय म्हणायचं तेच अवघड होतं, आणि तेच मी टाळत होतो. मी गावाला परत राहायला जाणार नाही हे मला ठाऊक आहे. टेकाड चढवत नाही, रानात बसता येत नाही, बिराच्या घरात ओझं होऊन राहणार नाही. मग ओळ आली. आपली आपण चालत आली.

चौघांच्या खांद्यावं बसंल, धनी घरला येईल तवा.

मी ती कुणाला म्हणून दाखवली नाही. खरी होती. आणि बिराला हे देवापुढंच सांगायचं होतं.

जत्रेला प्रकाशनं गाडीतनं नेलं. दुपारचं ऊन, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. वरच्या आळीचे पुढं बसले होते. त्यांच्यातला नामा मला बघून म्हणाला, "आलं का तात्या? आमी म्हटलं यंदा फोनवरनंच गात्यात का काय." मी म्हटलं, "तुझ्यापरीस फोन सुरात हाय." हसले सगळे. बिरा माझ्यामागं येऊन उभा राहिला. वाळलाय. पागोटं मोठं आणि डोकं लहान दिसतंय. ढोल थांबले.

मी कानावर हात ठेवला आणि ओळ उचलली.

माळावरलं मेंढरू पुसतंय, धनी घरला येनार केव्हा?

म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं. केव्हा. माझ्या तोंडातनं, माझ्या देवापुढं. आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग नामा मोठ्यानं म्हणाला, "आवं तात्या, केव्हा कुठनं आणली ही? विश्रामबागंची व्हय?" पोरंसोरं हसायला लागली. एक म्हातारी म्हणाली, "गप रं, ओवी हाय."

मी उभा. पुढची ओळ तोंडात तयार, पण तिच्या शेवटी तवा. केव्हाला तवा बसत नाही. ओळ मागं घेता येत नाही, देवापुढं म्हटलेलं म्हटलं गेलं. जोड तुटली की ओवी नाही, ओवी नाही की मान नाही. नामानं मांडी बदलली. तवाचं तेव्हा केलं असतं तर बसलं असतं, पण मरणाची ओळ मोडक्या शब्दात हसत्या गावापुढं म्हणायला जीभ उचलेना.

आणि मागनं बिरानं झील धरली. त्यानं माझीच ओळ उचलली, माझ्याच चुकीसकट.

माळावरलं मेंढरू पुसतंय, धनी घरला येनार केव्हा?

जन्मात तो शब्द त्याच्या जिभेवर आलेला नाही. तोंड किती वाकडं करावं लागलं त्याला ते मला मान वळवल्यावर दिसलं. श्वास घेतला, आणि दुसरी ओळ, जी माझी नव्हती, त्यानं तिथल्या तिथं बांधली.

दावं न्हाई रं त्याच्या पायात, येईल वाटंल तेव्हा.

ढोल कुणी सांगायच्या आधी लागला. भंडारा उडाला. नामा म्हणाला, "ही कुठली भाषा म्हनायची?" तर पुजारी म्हणाला, "जोड बसली का न्हाई ते सांग." मान राहिला.

माझी ओळ माझ्यापाशीच राहिली. इथं लिहिली तेवढीच.

नंतर आम्ही बाभळीखाली बसलो. हौसानं चहा दिला. बिरा बराच वेळ जबडा चोळत होता. मग म्हणाला, "दादा, लय जड हाय रं ह्यो शब्द. रोज कसा उचलतोस?"

मी म्हटलं, "नातीसाठी."

तो म्हणाला, "मग उचल." आणि बशीतला चहा पिऊन मेंढरांकडं गेला. या वेळी पाठ करून नव्हे. थोडं चालायचा, मागं वळून बघायचा मी बसलोय का गेलो.

आता विश्रामबागेत परत आलोय. लिफ्ट तीच, गोळ्या त्याच. हे लिहिताना बघितलं तर कितीतरी ठिकाणी आहे, नाही, तेव्हा पडलंय. खोडायला घेतलं आणि सोडून दिलं. थकवा येतो. आपलं गाव कुठलं असं बाकावरचे लोक विचारतात, तर मी माण सांगतो, पण माण म्हणजे तिथली माती किंवा माझ्या पडक्या घराचं दार नाही राहिलं. आम्ही निघून आलेले शब्द बिघडवून बसतो. मागं कुणीतरी एक असतो, जो हसण्याऐवजी आपला चांगला शब्द बाजूला ठेवतो आणि आमच्या बिघडलेल्या शब्दाला जोड लावतो. तो आहे तोवर मला घर आहे. ज्याचं तसं कुणी असेल त्यानं त्याला फोन करावा. पाऊस झाला का, एवढं विचारलं तरी चालतं.