जाणारीची नागली

नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर पेठची एसटी लागली तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात शेवंतीने ठासून भरलेलं पोतं. पोतं आईने दिलेलं. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा आहे. आमच्याकडचं माणूस कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही, आणि हात भरायचे म्हटलं की आम्हाला फुलांशिवाय दुसरं काही सुचत नाही. "आई, अगं दोन ओंजळी पुरे झाल्या," असं मी म्हणत होते तोवर तिने पोत्याचं तोंड शिवूनही टाकलं होतं. कंडक्टरने आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ताई, टपावर टाका नाहीतर मांडीवर घ्या. मधे ठेवून लोकांना पाडू नका." टपावर फुलांचा चुरा झाला असता, म्हणून मी मांडीवर घेतलं. पेठेपर्यंत मला समोरचं काही दिसलं नाही.

दोन हजार तीन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी नर्सिंगची परीक्षा पास झाले होते, आणि माझी वर्गमैत्रीण यमुनाही. हॉस्टेलला आमची खोली एक, डबा एक, आणि वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरच्या शिव्याही आम्ही निम्म्या-निम्म्या वाटून घेतलेल्या. दोघींनी मुंबईला जाऊन मुलाखत दिली आणि मस्कतच्या एका हॉस्पिटलात दोघींची निवड झाली. आमच्या घरी जरा गडबड उडाली. दादा, म्हणजे माझे वडील, "आई म्हणेल तसं" म्हणून मळ्याला पाटाचं पाणी सोडायला निघून गेले. आईने एकच वाक्य ऐकवलं, "यमुना असंल तर जा. एकटीनं नाय."

खरं सांगते, ही अट मला फार सोयीची होती. कारण एकटीने जायची माझी तयारीच नव्हती. वॉर्डात मी काही भित्री नव्हते. पण अनोळखी गावात, अनोळखी भाषेत, रात्रपाळीहून खोलीवर यायचं आणि दार उघडायला कुणी नाही, हे मला डोळ्यापुढे आणवत नव्हतं. यमुना असली की झालं. आणि नेमका दिवाळीनंतर यमुनाचा फोन आला, पेठच्या एका बूथवरून. "लता, तू एकदा इकडे ये. फोनवर नाही बोलता येणार." बोंबला! मला कळायचं ते कळलं. पण मनाला म्हटलं, जाऊ आणि हाताला धरून घेऊनच येऊ.

एसटीने पेठ रोड धरला. डाव्या-उजव्या बाजूचे द्राक्षांचे मांडव मागे पडले, रामशेजचा किल्ला खिडकीशी आला आणि गेला. सावळ घाटात गाडी कण्हत चढायला लागली तशी हवा गार झाली. वर पोचल्यावर सगळा मुलूखच निराळा. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती पिवळी खुंटं उरलेली, जागोजागी खळी सारवून ठेवलेली. शेजारच्या आजीबाई बराच वेळ माझ्या पोत्याचा वास घेत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "कोनाचं लगीन हाय, बाय?"

"लग्न नाही आजी. मैत्रिणीकडे चाललेय."

"येवढी फुलं घेऊन? मंग तुजंच असंल," असा निकाल देऊन त्या झोपी गेल्या.

पेठेला उतरून मी काळीपिवळी जीप पकडली. या जिपा भरल्याशिवाय हलत नाहीत, आणि भरल्या की त्यात बोट घालायला जागा राहत नाही. आत गाण्याची कॅसेट मोठ्याने लागलेली, बायका हसत होत्या, कुणाच्या तरी पिशवीतून कोंबडी डोकं काढून बघत होती. ड्रायव्हरने माझं शेवंतीचं पोतं पाहिलं, माझा पडलेला चेहरा पाहिला आणि हात पुढे करून कॅसेट बंद केली. एका म्हाताऱ्या बाबांनी उठून मला पुढची जागा दिली. सगळी जीप चिडीचूप. मला वाटलं, काय सभ्य लोक आहेत! बरंच अंतर गेल्यावर मागच्या बाईने हळूच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नको, बाय. वय झालं व्हतं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी मंडळी मला मयतीला चाललेली समजत होती! हसू फुटायला हवं होतं, पण झालं उलटंच. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्या एका हाताने वर आलं आणि मी हमसून हमसून रडायला लागले. मग काय, माझं दुःख अख्ख्या जिपेचं झालं. "तसं काही नाही हो, कुणी गेलेलं नाही," असं मी नाक पुसत सांगत होते, पण विश्वास कोण ठेवणार?

यमुना पाड्याच्या (छोट्या वस्तीच्या) तोंडाशी मोहाच्या झाडाखाली उभी होती. जिपेतल्या बायकांनी मला जवळजवळ तिच्या हवालीच केलं. तिने पोत्याकडे बघून कपाळाला हात लावला. "तुझ्या आईने सगळा मळाच पाठवला की काय?" आणि मला मिठी मारली. मिठी जरा जास्तच घट्ट होती.

यमुनाचं घर कुडाच्या भिंतींचं (कारवीच्या काड्या विणून शेणामातीने लिंपलेल्या), आतून गारेगार. घरात तिची आई, भाऊ किसन आणि वहिनी हिरा. यमुनाच्या आईला मी मावशी म्हणते. मावशींनी फुलं पाहून टाळीच वाजवली. थोडी देवापुढे ठेवली, थोडी शेजारणींना वाटली, उरलेल्यातली दोन स्वतःच्या अंबाड्यात खोचली आणि लाजल्या. जेवायला नागलीची (नाचणीची) काळीसावळी भाकरी, उडदाची आमटी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. चटणीने माझ्या कानांतून धूर निघाला. किसन म्हणाला, "नाशिकची माणसं तिखट खायला कच्ची." मग मी हट्टाने आणखी मागून घेतली आणि दुपारभर पाणी पीत राहिले.

ऊन उतरल्यावर यमुना मला विहिरीकडे घेऊन गेली.

"लता, मला इथल्या आरोग्य उपकेंद्रात घेतलंय. मी हो म्हटलं."

"आणि मस्कत?"

"मी आले असते ना, तर फक्त तुझ्यासाठी आले असते."

"मग ये की माझ्यासाठी! मी काय परकी आहे?" माझा आवाज चढला. विहिरीवरच्या बाया वळून बघायला लागल्या. यमुना शांत. ती चिडली असती तर बरं झालं असतं, दोन हात करता आले असते.

"इथे बाळंतपणात अडलेली बाई अजून झोळीत घालून खाली नेतात. माझ्या थोरल्या बहिणीला तशीच नेली होती. ती परत आली नाही, तुला माहिताय," ती म्हणाली. "मी नर्स झाले ती त्यासाठी. तू झालीस ती तुला दुनिया बघायची होती म्हणून. दोन्ही बरोबरच आहे गं. पण रस्ता एक नाही."

"मला एकटीला नाही जमणार."

"नाकाचा शेंडा लाल झालाय बघ," असं म्हणून तिने पदराने माझं तोंड पुसलं. मला तिचा राग आला होता, आणि ती बरोबर आहे याचा त्याहून जास्त राग आला होता.

परत आलो तर घरात बांधाबांध चाललेली. किसन आणि हिरा दुसऱ्या दिवशी सकाळी दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला निघणार होते. भात झोडून झालं की इथली निम्मी घरं अशी खाली उतरतात आणि होळीला परततात. मावशी धान्य साठवायच्या बांबूच्या कणगीपुढे बसल्या होत्या. त्यांनी नागली काढून दोन लहान मडक्यांत भरली, फडक्याने तोंडं बांधली आणि चुलीमागच्या फळीवर नेऊन ठेवली.

"हे काय, मावशी?"

"जानाऱ्याची नागली," त्या म्हणाल्या. "येक किसनची, येक हिराची. आलं की पहिली भाकर याचीच. तवर कोनी हात नाय लावायचा. घरात दाना नसला तरी नाय."

"पण ते तर अजून गेलेही नाहीत."

"जायच्या आधीच ठेवायची. मान्सानं आपली भाकर मागं ठेवून जायचं. मंग पाय बरूबर घराकडं वळतो."

हिरा भांडी पोत्यात भरता भरता हसली. "पैल्या वर्साला मी लय रडले व्हते. बागंत काम करू का रडू! मंग आठवायचं, माजी नागली फळीवर हाय. बरं वाटायचं."

सकाळी उठले तर फळीवर तीन मडकी. तिसऱ्याच्या फडक्यात काल मी आणलेल्या शेवंतीतलं एक फूल खोचलेलं. "ह्ये तुजं," मावशी म्हणाल्या.

मला भरून आलं. केवढी माया! मी त्यांच्या पाया पडले, मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि पिशवीतले कपडे बाजूला सारून जपून आत बसवायला लागले. घरात एकदम हशा पिकला. किसन तर दाराला धरून हसत होता.

"आगं बाय, न्यायची नाय ती!" मावशींनी माझ्या हातातून मडकं घेतलं. "नेलीस तर परत कशाला येशील?"

आणि त्यांनी ते पुन्हा फळीवर, किसन आणि हिराच्या मडक्यांशेजारी ठेवलं. मी तिथेच उभी राहिले. एकटीने जायचं की नाही हे मी अजून स्वतःलाही सांगितलेलं नव्हतं, आणि या बाईने माझी येण्याची सोय करूनसुद्धा टाकली होती. यमुना माझ्याकडे बघत होती. मी 'जाते' अशी मान डोलावली. ती रडायला लागली, मग मीही.

पिकअप आला. त्यात माणसं, भांडी, गोधड्या आणि एक शेळी. मीही त्यांच्यातच बसले. हिराने मला गोधडीवर जागा केली आणि घाट उतरताना माझा हात धरून ठेवला. वळणांवर तिला मळमळायचं. मी पिशवीतून आल्याचा तुकडा काढून तिला चघळायला दिला, तर शेजारच्या चौघींनी हात पुढे केले. नर्स म्हणून माझा पहिला दवाखाना तोच. रामशेजच्या पायथ्याला त्यांची गाडी दिंडोरीकडे वळणार म्हणून मी उतरले, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले.

घरी पोचले तेव्हा आई पडवीत दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची फुलं निवडत बसली होती. "आलीस? यमुना कधी येती?"

"नाही येत."

आईचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. जिपेतली मयत, विहीर, फळीवरची मडकी, आणि माझी फजिती. वाटलं, फजिती ऐकून तरी हसेल. ती उसळलीच.

"म्हणजे, तुजी नागली त्यांच्या घरी? आन् तुजं घर काय ओस पडलंय का? लोकांच्या फळीवर माज्या पोरीचा घास!"

"अगं आई, त्यांनी मायेने..."

"माया असंल! मी नाय म्हणती का?" ती तरातरा आत गेली. भांड्यांची आदळआपट ऐकू आली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात विरजणाचं घासून पुसून घेतलेलं मडकं होतं, बाजरीने काठोकाठ भरलेलं. आमच्याकडे बाजरीच खातात. फडकं बांधता बांधता ती मधेच थांबली.

"बाजरीला पोरकिडे पडत्यात," ती म्हणाली. "नागलीला पडत नाय ना?"

"नाही. नागली वर्षानुवर्षं टिकते."

आई मडकं धरून तशीच उभी. दादा पलीकडे फुलांच्या पाटीत बघत असल्याचं सोंग करत होते.

"मग मी बदलत राहीन," ती शेवटी म्हणाली. "जुनी काढीन, नवी भरीन. किड्यांची काळजी तू नको करू." मग माझ्याकडे न बघता, "एकटीच जाशील?"

"जाईन."

"बस मग खाली. फुलं निवड. सकाळी बाजार हाय."

दोन वर्षांनी मी मस्कतहून पहिल्यांदा सुट्टीवर आले. आईने मला अंगावरचे कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत. आधी पाटावर बसवलं आणि त्या मडक्यातल्या बाजरीची भाकरी वाढली. दादांनी मला हळूच सांगितलं, मडक्यातून काढलेली जुनी बाजरी आईने घरात कुणाला खाऊ दिली नाही. ती लताच्या वाटची, म्हणून चिमण्यांना घालायची. मळ्यातल्या चिमण्या म्हणे खाऊन खाऊन उडेनाशा झाल्या होत्या. मी मस्कतच्या खोलीचं दार रोज स्वतःच उघडलं होतं, आणि रोज मला ठाऊक होतं की माझी एक नाही, दोन मडकी वाट बघताहेत. एकटी गेले होते, पण एकटी राहिले असं मला म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी पेठची एसटी धरली. या खेपेला आई बरोबर होती आणि शेवंतीचं पोतं तिच्या मांडीवर. जिपेच्या ड्रायव्हरने पोतं पाहिलं, आम्हा दोघींच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं आणि कॅसेट बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे रे बाबा, चालू राहू दे," आई म्हणाली. "जेवायला चाललोय आम्ही. माज्या पोरीची नागली हाय तिथं."