तीनदा सांगणाऱ्या मॅडम

बीडच्या कॉलेजातल्या त्या मॅडम चहासुद्धा तीनदा सांगतात. नववीत शाळा सोडून कोकणातून त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आलेल्या मला वायरी जोडायचं सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं.

छोट्या उपग्रहासाठी त्यांनी एकच संदेश तीन वाटांनी नेणारा बोर्ड बनवला. अंतराळातल्या किरणांनी एक वाट बिघडवली, तरी उरलेल्या दोन जुळल्या की संदेश खरा.

विभागप्रमुख म्हणाले, "वजन वाढतंय. दोन वाटा काढा."

"न्हाई काढनार, सर." त्यांनी बोर्ड चालू केला आणि मला म्हणाल्या, "उपट एक वायर."

मी वायर नुसतीच धरून राहिलो.

"भितो कावून? तूच जोडली ना?"

मी उपटली. पडद्यावरचं एक अक्षरही हललं नाही.

"सर, तुमच्या बोर्डात ही एकलीच असती. वर दुरुस्तीला कोन जानार?"

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "राहू द्या तिन्ही."

मॅडमनी चहा सांगितला. तीनदा.