बापू वैद्यांची पायगाडी

बापू वैद्य रोग्याच्या घरी गेले की आधी रोग्याकडे पाहत नसत. दारातल्या रांजणावरचं झाकण उचलून ते पाण्याचा वास घेत. मग चुलीपाशी वाकून भाकरी कशाची आहे ते बघत, घरातल्या एखाद्या लहानग्याला जीभ काढून दाखवायला लावत, आणि सगळ्यात शेवटी खाटेजवळ येऊन मनगट धरत. कोणी अधीर होऊन म्हणालं, "बापू, बिमार तिकडं हाय," तर म्हणत, "बिमार तिकडं हाय, पर बिमारी हिकडंच असती."

मी कडा या गावी शाळामास्तर होऊन आलो तेव्हा निजामाचा अंमल होता. दप्तर उर्दूत, बाजार मराठीत आणि शिव्या दोन्हींत. मला बापूंच्या घराची पुढची खोली राहायला मिळाली. मी बाविशीतला, ते पन्नाशीला टेकलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी सासरी नांदत होती. घराणं शेतकऱ्याचं, पण वैद्यकी आज्यापासून चालत आलेली. उंच, काटकुळा माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर आणि खांद्यावर औषधांची पडशी. एक दिवसाआड सकाळी निघायचे आणि आष्टीच्या रस्त्यावरच्या वाड्यावस्त्या पायी करून दिवेलागणीला परत यायचे.

सुटीच्या दिवशी कधी कधी मी त्यांच्याबरोबर जाई. दर शेताच्या बांधावर कोणीतरी त्यांना थांबवायचं. बैलाच्या खुराची गोष्ट निघायची, पावसाची निघायची, सुनेची निघायची. मला कंटाळा यायचा. पुढे निघालो की बापू म्हणायचे, "ऐकलं का मास्तर? ह्या गड्याला दम लागतो. घरी जाऊन इचारलं तर म्हनंल, काय न्हाई, बरा हाय. वाटंवर बैलाची तकरार सांगता सांगता आपली सांगून गेला. वैदानं निस्तं चालावं. अर्धी वैदकी पायात असती."

कड्याहून दोनेक कोसांवर मुरमाचा एक माळ होता. तिथे बिरमल धनगराची पालं असत. पावसाळ्यात तो माळावर राही आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन भीमेच्या खोऱ्यात उतरे. बापूंचा विसावा तिथे ठरलेला. बिरमलची बायको साळू त्यांना दूध द्यायची, आणि त्यांची सहा-सात वर्षांची ठकी लांबूनच पडशी ओळखून पळत रस्त्यावर यायची. बापू तिच्या हातावर ज्येष्ठमधाची काडी ठेवायचे. ती काडी चघळत ती त्यांचं बोट धरून पालापर्यंत न्यायची, आणि वाटेत मेंढ्यांची नावं सांगायची. बापूंना त्या साऱ्या मेंढ्या नावानिशी माहीत होत्या, याचं मला फार नवल वाटे.

सायकल आली ती नगरहून. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचा जुना पोटशूळ बापूंनी बरा केला होता. बापूंचा गुडघा दुखतो हे कळल्यावर त्याने आपली वापरलेली सायकल त्यांना भेट म्हणून दिली. ती आणायला आम्ही दोघे गेलो. इंग्रजी हद्द ओलांडून निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर नाकेदाराने तिला तीन प्रदक्षिणा घातल्या. "ये गाडी है, तो बैल किधर है?" त्याने विचारलं. बापू गंभीरपणे म्हणाले, "बैल म्याच हाय, साहेब." नाकेदार पोट धरून हसला आणि त्याने आम्हाला सोडून दिलं. कड्यात शिरलो तेव्हा निम्मं गाव मागे होतं. लोक तिला पायगाडी म्हणत.

खरं तर बापूंना ती नको होती. मीच मागे लागलो. औरंगाबादेला शिकत असताना मी सायकल शिकलो होतो आणि त्याचा मला गर्व होता. "किती वेळ वाचेल, बापू!" मी म्हणालो.

"वाचल्याला वेळ ठिवायचा कुठं, मास्तर? कनगीत?"

तरीही त्यांनी धोतराचा काचा मारला. आठ दिवस गावच्या खळ्यांवर मी त्यांची गाडी मागून धरून पळत होतो. ते पुन्हा पुन्हा पडायचे, कारण रस्त्याकडेला कोणी दिसलं की त्यांची मान तिकडे वळायची आणि मानेबरोबर गाडीही. मी ओरडायचो, "बाजूला बघू नका! नजर समोर! उतारावर तर अजिबात थांबू नका!" शेवटी एकदाची त्यांची नजर समोर राहायला शिकली.

पहिले काही महिने मोठ्या आनंदाचे गेले. खालच्या वाडीत एका गड्याच्या पायात कुऱ्हाड बसली आणि रक्त थांबेना, तेव्हा बापू सायकलवर गेले म्हणूनच तो वाचला. ते पायी निघाले असते तर त्या घरी रडणंच ऐकायला मिळालं असतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या गाडीने कोणाचं भलंच केलं नाही असं मला म्हणायचं नाही. दिवसभराचा फेरा दुपारपर्यंत उरकू लागला. मग उरलेल्या दुपारी आणखी दोन वाड्या आल्या, पुढे चार झाल्या. लोकांच्याही सवयी बदलल्या. पूर्वी पोटात कळ आली तर घरात ओवा शोधत, आता म्हणत, "थांबा, बापू येतीलच घटकाभरात." वाचलेला वेळ कुठे गेला ते बापूंना कळलं नाही. पूर्वी ते थकून यायचे, आता धापा टाकत येऊ लागले.

बांधावरचं बोलणं आपोआप थांबलं. लोक हात करत, बापू घंटी वाजवत, तेही एक हात उचलत, झालं. बिरमलच्या माळापाशी मोठा उतार होता. तिथे उतरलं तर पुढचा चढ गाडी ढकलत न्यावा लागे. म्हणून साळूचं दूध बंद झालं. ठकी दरडीवर येऊन उभी राही आणि बापू चालत्या गाडीवरून ज्येष्ठमधाची काडी तिच्याकडे फेकत. ती धुळीतून वेचून घेई.

एकदा जेवताना ते म्हणाले, "मास्तर, ह्या गाडीवरनं मानसं निस्ती रंगानं दिसत्यात. लाल पागुटं, काळं घोंगडं. तोंड काय दिसत न्हाई."

मी हसून म्हणालो, "बापू, सवय होईल."

भाद्रपदातली गोष्ट. त्या दिवशी उघडीप होती. शाळा सुटल्यावर मी चारच्या सुमारास घरी आलो, तर ओसरीवर बिरमल बसला होता. शेजारी साळू होती. तिच्या मांडीवर घोंगड्यात गुंडाळलेली ठकी. मी जवळ गेलो. पोरीचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ओठ काळे पडले होते. मी काही विचारण्याआधीच बिरमल म्हणाला, "गावाच्या येशीत सरली जी. आत्ताच."

आदल्या रात्रीपासून तिला जुलाब आणि उलट्या होत होत्या. एवढंच मला कळलं. ते दोघे उठायला तयार नव्हते. बापू येईपर्यंत इथेच बसायचं म्हणत होते. साळूला मी पाणी दिलं. तिने ते पोरीच्या ओठांना लावलं आणि तांब्या बाजूला ठेवला.

दिवेलागणीला दारात घंटी वाजली. बापू घामाघूम होऊन आत आले, आणि आधी काही न बघता, न विचारता सरळ ठकीकडे गेले. त्यांनी मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग विचारलं, "कवापासनं?"

"राती," बिरमल म्हणाला. "सकाळी तुमी जानार ठावं हुतं. म्हनून रस्त्यावर हुबा हुतो. घोंगडं हालीवलं. तुमी बगितलं की."

बापूंनी मनगट तसंच धरून ठेवलं होतं.

"तुमी घंटी वाजीवली. हात केला. म्या हिला म्हनलं, बापूला कळलं. घाईचं काम आसंल पुढं, वळून येत्याल. आमी वाट बगितली. सूर्य डोक्यावरनं कलला, तवा उचलली न् निगालो."

त्या माणसाच्या बोलण्यात आरोप नव्हता. झालं ते सांगत होता, इतकंच. बापू एरवी दुपारी त्याच रस्त्याने परतत, पण त्या दिवशी नव्या वाडीचं बोलावणं होतं म्हणून दुसऱ्या बाजूने गेले होते. हे सांगून उपयोग नव्हता आणि त्यांनी सांगितलंही नाही. ते एवढंच म्हणाले, "म्या समजलो, तू राम राम करतुयास."

तेव्हा साळूने पहिल्यांदा मान वर केली. "राम राम करताना मानूस पळतंय व्हय वो?" ती म्हणाली. "ह्यो तुमच्या मागं पळत हुता. ओढ्यापतूर पळाला."

त्यानंतर बरेच महिने ती बापूंशी बोलली नाही.

ठकीला माळावर पुरलं. बापूंनी स्वतः दगड रचले. परत येताना मी त्यांना म्हणालो, "समोर बघायला मीच शिकवलं." ते म्हणाले, "शिकला कोन, मास्तर? आन मान माझीच हुती की." मला त्याने काही हलकं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते पायी जाऊ लागले. लोकांना ते रुचलं नाही. "घरात गाडी असून पायी का म्हून येता? आमी कवाची वाट बगतोय," असं एका म्हातारीने त्यांना तोंडावर सुनावलं. गुडघाही साथ देईना. महिनाभराने त्यांनी गाडी पुन्हा काढली. पण घंटी पान्याने सोडवून ठेवून दिली, आणि रस्त्यात कोणी नुसता हात वर केला तरी ते उतरू लागले. कोणी माशी हाकलली तरी उतरायचे. "काय झालं? कोन बिमार हाय?" लोक आधी हसले, मग वैतागले. एका वाडीत तर पोरांनी गंमत म्हणून रांगेत उभं राहून हात केले, आणि बापू प्रत्येकापाशी उतरले. मी त्यांना म्हटलं, "अशानं पायी जाण्याएवढाच वेळ लागतो." ते म्हणाले, "तेवढाच लागायचा हुता, मास्तर. येकदा कमती लागला."

दिवाळीनंतर बिरमल भीमेकडे उतरला. ज्येष्ठात परत आला तेव्हा त्याने पालं रस्त्यापासून लांब, ओढ्यापलीकडे टाकली होती. साळूला हिवाळ्यात मुलगा झाला होता. हे कळल्यावर बापू तिकडे गेले. मी बरोबर होतो. बिरमलने घोंगडं अंथरलं, तंबाखू दिली, मेंढरांचं सांगितलं. साळू मूल घेऊन पालात गेली आणि आम्ही उठेपर्यंत बाहेर आली नाही. बापू पुन्हा गेले, तेव्हाही तसंच. तिसऱ्या वेळी त्यांनी पालाकडे तोंड करून मोठ्याने म्हटलं, "बाई, पदर पसरतो तुज्याफुडं."

आतून आवाज आला, "पदर पसरून काय घालू त्यात? माजी पोर घालू?"

बापू उठले. ओढा ओलांडताना त्यांचा पाय घसरला. मी हात धरला. "तिचं खरं हाय," ते म्हणाले. "हे औशद माज्यापाशी न्हाई."

श्रावणात बापूंना ताप आला. बाहेर तापाची साथच होती आणि ते भिजत सगळीकडे फिरत होते. त्यांनी आपलं औषध आपणच सांगितलं, मी उगाळून दिलं. पाचव्या दिवशी मुलगी आली. सातव्या दिवशी ते गेले. शुद्धीत होते तोवर ते मला वाड्यांची नावं सांगत होते: कोणाला दम लागतो, कोणाच्या घरचं पाणी चांगलं नाही, कोणाच्या सुनेला दिवस गेले आहेत. मी वहीत लिहीत होतो. बिरमलच्या पालाचं नाव आलं तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या."

ओढ्याला पूर होता, त्यामुळे पलीकडच्या वस्त्यांशी पंधरा दिवस येणं-जाणं बंद होतं. बापूंचं दिवसकार्य झालं, मुलगी सासरी गेली. एका सकाळी मी शाळेला निघत होतो, तर अंगणात साळू उभी. एकटीच. काखेत मूल, पाय मांड्यांपर्यंत ओले.

"बापू हायेत का?" तिने विचारलं. "ह्याला चार दिस झालं, दूध ठरत न्हाई पोटात."

मी हातातली पुस्तकं ओसरीवर ठेवली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला कळलं. ती ओसरीच्या कडेला बसली. मूल किरकिर करत होतं. मी आत जाऊन बापूंची पडशी आणली. वावडिंगाची पुडी मला ओळखता येत होती. बापू लहान मुलांना ती कशी देत तेही मी पाहिलं होतं. तेवढं मी तिला सांगितलं. तिने पुडी पदराच्या गाठीला बांधली, पण उठली नाही.

"मालकानं म्हनलं हुतं, म्या घिऊन जातो पोराला," ती खाली बघत म्हणाली. "म्या म्हनलं, न्हाई. म्याच जाती. बापूच्या मांडीवर म्याच ठिवती."

मग माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "मास्तर, म्या राग सोडला, ह्ये आता सांगू कुनाला?"

शाळेची वेळ होऊन गेली होती. मी तिच्यापाशी बसून राहिलो. मूल हळूहळू शांत झालं, तिच्या मांडीवरच झोपलं. उन्हं वर आल्यावर तिने त्याला पदराखाली घेतलं, बापूंच्या बंद खोलीच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि ओढ्याच्या दिशेने निघून गेली.