मिळेल त्या गाडीत

पेठला माझ्या शेजारी राहणारी बाई मॉरिशसला लेकीकडे राहून आली आणि बिघडली. तिथं ती मिळेल त्या बसमध्ये बसून एकटीच भटकायची. "आक्का, बेट हाये ते. कुठल्याबी गाडीत बसा, शेवटाला समुद्रच. हरवायचं म्हणलं तरी जमत न्हाई!"

इथंही ती आता पाटी वाचत नाही. येडगावला माझ्या नातीचा साखरपुडा होता आणि नवरदेवाची अंगठी माझ्या पिशवीत. हिनं मला समोर आलेल्या एस.टी.त कोंबलं. मंचरला गाडी भीमाशंकरच्या रस्त्याला वळली.

"बये, हितं समुद्र न्हाई, डोंगार हाये!" मी ओरडले.

"मग डोंगरापतूर कशाला जायचं? उतरा की!"

चालत हायवेला येऊन तिनं येडगावला रिकामे क्रेट नेणारा टोमॅटोचा पिकअप थांबवला, लुगडं खोचून मागं चढली आणि मला पोत्यासारखं वर ओढलं. मला राग आला होता, पण तिच्या खिदळण्यानं मलाही हसू आवरेना.

नारायणगावच्या पुढं एका गाडीच्या खिडकीत नवरदेव दिसला. मी तिला दाखवला. आमच्या पिकअपनं त्यांना मागं टाकलं, तशी ती क्रेटला धरून उभी राहिली.

"पावणं, या सावकाश! अंगठी म्होरं चाललीय!"

मीही पिशवी उंच धरून दाखवली.